‘हवामान कोरडे राहील’ म्हणतात, मग घाटात धुकं येतं कुठून?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धाकट्या बहिणीचा रात्री फोन आला. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला चिपळूण सोडायचं, कुंभार्ली घाटाने वर चढायचं आणि न्याहारीला कराडात पोचायचं, असा त्यांचा बेत होता. सोबत सासूबाई आणि सहा वर्षांचा भाचा. "दादा, मोबाइलवर उद्या अख्खा दिवस सूर्य दाखवतोय. पेपरातही ‘कोकणात हवामान कोरडे राहील’ असंच छापलंय. मग निघायला हरकत काय?" मी म्हटलं, "अगं, नऊला निघा. त्याआधी नको." तिला वाटलं, दादा नेहमीसारखा काळजी करतोय. फोनवर दोन मिनिटांत तिला जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितो आहे. नाताळ ते संक्रांत या दिवसांत आपल्याकडचे रस्ते पर्यटकांच्या गाड्यांनी आणि शाळांच्या सहलींनी भरून जातात आणि त्यातले निम्मे लोक तरी असाच अंदाज पाहून पहाटे घर सोडतात.

‘कोरडे’ म्हणजे नक्की काय?

हवामान खात्याच्या भाषेत ‘हवामान कोरडे’ याचा अर्थ पाऊस पडणार नाही, एवढाच. हवेत बाष्प नाही किंवा दमटपणा नाही, असं त्यात कुठेच म्हटलेलं नसतं. आपण मात्र ‘कोरडे’ वाचलं की मनात कोरडा रस्ता आणि स्वच्छ नजर धरून चालतो.

मोबाइलवरचा सूर्यही तसाच. ते चित्र म्हणजे दिवसभराचा गोषवारा, म्हणजे आकाशात ढग नसतील, एवढंच. पहाटे पाच वाजता घाटाच्या पायथ्याशी, अलोऱ्याच्या पुढे काय असेल, हे त्या चित्राला माहीत नसतं. आणि ढग नसलेलं आकाश ही तर धुक्याची पहिली अट आहे. म्हणजे हिवाळ्यात सलग सूर्याची चित्रं दिसली की घाटातून जाणाऱ्याने अधिक सावध व्हायला हवं.

पेजेचा टोप आणि झाकण

सकाळी पेज शिजत असते तेव्हा टोपावरचं झाकण उचलून पाहा. आतल्या बाजूला थेंब लोंबकळत असतात. टोपातली वाफ डोळ्यांना दिसत नाही, पण ती त्या मानाने थंड झाकणाला लागली की तिचं पाणी होतं. धुक्याची सगळी करामत एवढीच आहे. फरक इतकाच की इथे झाकणाऐवजी जमीन गार होते.

हवेत बाष्प किती मावेल, हे तिच्या तापमानावर ठरतं. ३० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास बाष्प राहू शकतं, २० अंशाला सुमारे १७ ग्रॅम आणि १० अंशाला ९ ग्रॅमच्या थोडं वर. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली घ्या. ३० अंशाला तिच्यातल्या हवेत ८५० ग्रॅमपर्यंत बाष्प मावेल. तीच खोली २० अंशाला आणली तर ५०० ग्रॅमसुद्धा मावणार नाही. उरलेल्याचं पाणीच होणार. ज्या तापमानाला हवा अशी काठोकाठ भरते, त्याला दवबिंदू म्हणतात. त्याच्याखाली हवा उतरली की बाष्पाचे थेंब व्हायला लागतात. गवतावर झाले तर दहिवर, हवेतल्या धुलिकणांवर झाले तर धुकं.

आता रात्रीचं पाहू. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता वर सोडत असते. आकाशात ढग असले तर ते वाकळीसारखे त्यातली बरीच उष्णता खाली परत पाठवतात. आकाश निरभ्र असेल तर पांघरूणच नाही. जमीन भराभर गार होते आणि तिला टेकलेली हवाही. संध्याकाळी समुद्राकडून आलेली ओल त्या हवेत असतेच.

इथे वाऱ्याची भूमिका नाजूक असते. वारा अगदीच नसेल तर गारवा जमिनीलगतच्या पातळ थरात अडकतो आणि सकाळी नुसतं दहिवर दिसतं. वारा जोराचा असेल तर वरची उबदार हवा मिसळत राहते आणि धुकं धरतच नाही. चहात साखर घालून चमचा एकदाच फिरवावा, इतपत मंद वारा असला की तळाचा गारवा वर पसरतो आणि वीस-पंचवीस मीटर जाडीची दुलई तयार होते. एक घनमीटर धुक्यात पाणी बहुतेक वेळा अर्ध्या ग्रॅमहूनही कमी असतं. पण ते केसाच्या जाडीहून कितीतरी लहान अशा असंख्य थेंबांत वाटलेलं असतं आणि तो प्रत्येक थेंब प्रकाश विखुरतो. म्हणून चमचाभर पाणीही समोरचा ट्रक झाकून टाकतं.

कुंभार्लीच्या पायथ्याला यात एक भर पडते. बहुतेक कोकणी नद्या डिसेंबरात वरच्या भागात आटलेल्या असतात. वाशिष्ठीला मात्र कोयनेच्या वीजघरांतून सोडलेलं पाणी हिवाळा-उन्हाळा मिळत राहतं. हवेपेक्षा हे पाणी उबदार, त्यामुळे पहाटे नदीवरून वाफ निघताना दिसते. पोफळी-अलोऱ्याची माणसं हे रोज पाहतात.

थंड हवा उताराला लागते

थंड हवा जड असते. ती रात्री डोंगरउतारावरून पाण्यासारखी खाली सरकते, ओहोळाच्या वाटेने येते आणि खालच्या भातखाचरांत साचते. म्हणून डिसेंबरातल्या पहाटे घाटाच्या पायथ्याला हुडहुडी भरते आणि चार वळणं वर चढल्यावर कानटोपी काढावीशी वाटते. एरवी उंचावर गेलं की थंडी वाढते, इथे क्रम उलटा होतो. याला तापमानाचं व्युत्क्रमण म्हणतात. हा शब्द इथेच सोडू आणि ‘उलटा थर’ म्हणू.

हा उलटा थर तुम्ही पाहिलेला आहे. तिन्हीसांजेला चुलीचा किंवा पेटवलेल्या पातेऱ्याचा, म्हणजे वाळक्या पाल्याचा, धूर सरळ वर जातो आणि माडाच्या शेंड्याच्या आसपास पोचला की अचानक आडवा पसरतो, जणू वर कुणी काच धरली आहे. वर उबदार हवा आणि खाली थंड, त्यामुळे धुराला पुढे चढता येत नाही. त्या काचेखाली रात्रभर ओल, धूर, धूळ सगळं कोंडलं जातं आणि पहाटे त्याचंच दाट धुकं होतं. म्हणून थंडीत संध्याकाळी रस्त्याकडेला पातेरा जाळू नये. आपण पेटवलेला धूर दुसऱ्या दिवशी पहाटे कुणाच्या तरी गाडीच्या काचेपुढे उभा असतो.

आंबोली, आंबा, गगनबावडा, वरंध या घाटांच्या माथ्यावरून सूर्योदयाला काढलेले ‘ढगांचा समुद्र’ असे फोटो हल्ली सगळीकडे फिरतात. फोटो खरोखर सुंदर असतात, मीही काढले आहेत. पण ज्याला आपण ढगांचा समुद्र म्हणतो तो उलट्या थराखाली कोंडलेल्या धुक्याचा पृष्ठभाग आहे आणि फोटो काढून झाल्यावर त्याच धुक्यात गाडी उतरवायची असते. वर लख्ख ऊन, दोन वळणं खाली आलं की समोर पांढरी भिंत. नवख्या चालकाचा घात इथे होतो, कारण त्याचा वेग उन्हातला असतो.

दापोली गारठते, मग रत्नागिरी का नाही?

बातम्यांत दरवर्षी दापोली येते, ‘मिनी महाबळेश्वर’ या विशेषणासह. तेव्हा रत्नागिरीत मात्र पंखा चालू असतो. याचं कारण समुद्र. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. जानेवारीतसुद्धा कोकणच्या किनाऱ्यालगतचं पाणी पंचवीस अंशाच्या वरच असतं. समुद्राला टेकलेल्या गावांना रात्रभर ही ऊब मिळते, पाच-दहा किलोमीटर आतल्या पठाराला ती मिळत नाही.

याचा पक्का पुरावा मुंबईच्या नोंदींत आहे. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला किमान तापमान ७.४ अंश नोंदलं गेलं. त्याच दिवशी तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या कुलाब्याला ते ११.७ होतं. शहर एक, दिवस एक, आणि फरक चार अंशांहून जास्त. मग अलिबागचा आकडा पाहून महाडच्या खोऱ्यातल्या पहाटेचा अंदाज कसा बांधणार? आणि डहाणू, अलिबाग, हर्णै, रत्नागिरी ही आपली जुनी निरीक्षण केंद्रं तर समुद्रकाठचीच आहेत. आता आतल्या भागातही स्वयंचलित केंद्रं आहेत, पण बातमीत नाव बहुतेक वेळा जुन्यांचंच असतं.

थंडीच्या लाटेचे निकषही जागेप्रमाणे बदलतात. सपाट मुलखात किमान तापमान १० अंशांपर्यंत उतरल्याशिवाय तिचा विचारच होत नाही. किनारी भागात १५ अंश किंवा त्याखाली आणि शिवाय नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी कमी, अशी अट आहे. "पंधरा अंशाला कसली आलीय लाट?" असं नाशिककडचे पाहुणे म्हणतात. पण आपली घरं वारा खेळावा म्हणून बांधलेली आहेत, कौलांच्या फटींतून गारठा थेट अंथरुणात येतो. म्हाताऱ्या माणसांना आणि दम्याच्या रोग्यांना पंधरा अंशही पुरतात.

सगळ्यात थंड पहाट सगळ्यात धुक्याची असतेच असं नाही, हे मात्र फार कमी जणांना ठाऊक असतं. कडाक्याची थंडी येते ती पश्चिमी झंझावातांच्या मागून. भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत येणारे हे पावसाळी पट्टे हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकले की उत्तरेचा कोरडा, थंड वारा गुजरातवरून आपल्याकडे उतरतो. त्या दिवसांत दापोलीचा आकडा पहिल्या पानावर जातो, पण हवा कोरडी आणि वारा वाहता, त्यामुळे नजर दूरवर पोचते. धुकं जमतं ते चार दिवसांनी, वारा पडल्यावर आणि समुद्राकडची ओल परतल्यावर. किंवा अवकाळी सर येऊन गेल्यावर आकाश मोकळं होतं त्या पहिल्या रात्री. थंडी किंचित कमी झाल्याची बातमी वाचून "चला, आता निघू" म्हणणारे लोक नेमके त्याच पहाटे धुक्यात सापडतात.

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे आमचा घाट की दुसऱ्याचा?

हवामान खात्याने देशाचे ३६ हवामान उपविभाग केले आहेत. ‘कोकण आणि गोवा’ हा त्यातला एक. डहाणूच्या चिकूवाडीपासून गोव्यापर्यंतचा सगळा मुलूख, किनारा आणि सह्याद्रीचा पायथा धरून, एका ओळीत बसवायचा असतो. म्हणून त्या ओळीत ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’ असे शब्द येतात. ते सहज सुचलेले शब्द नसतात, त्यांना ठरलेलं माप आहे. पावसाच्या अंदाजात ‘तुरळक’ म्हणजे जास्तीत जास्त पाव केंद्रांवर, ‘काही’ म्हणजे पाव ते निम्म्या आणि ‘बऱ्याच’ म्हणजे निम्म्या ते पाऊण केंद्रांवर. ‘तुरळक’ हा शब्द जागा किती ते सांगतो. जोर किती, याच्याशी त्याचा संबंध नाही. तुरळक ठिकाणी असलेलं धुकं त्या ठिकाणी अतिशय दाट असू शकतं.

धुक्यालाही मोजमाप आहे. समोरचं १००० मीटरच्या आत दिसेनासं झालं की त्याला धुकं म्हणायचं. २०० ते ५० मीटरमध्ये दाट आणि ५० मीटरच्या खाली अतिदाट. पन्नास मीटर म्हणजे एसटीच्या चार-साडेचार गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढं अंतर.

मग खातं थेट ‘कशेडी घाट, पहाटे साडेपाच’ असं का सांगत नाही? कारण संगणकावरचा अंदाज जमिनीचे चौकोन पाडून केला जातो. बरीच वर्षं हा चौकोन सुमारे १२ किलोमीटरचा होता. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’मध्ये तो ६ किलोमीटरवर आला. सुधारणा मोठी आहे, पण सह्याद्रीच्या बाबतीत सहा किलोमीटरच्या एका चौकोनात पायथ्याची नदी, मधली दरी आणि माथ्याची टेकडी असं सगळं मावतं. संगणक त्या सगळ्याची मिळून एक उंची आणि एक तापमान धरतो. तालुक्याच्या सरासरी पावसावरून आपल्या वाडीच्या विहिरीची पातळी सांगण्यासारखं आहे ते. धुकं तर एका ओहोळापुरतंही असू शकतं.

"खात्याचे अंदाज नेहमी चुकतात" असं म्हणणाऱ्यांना माझं इथेच सांगणं आहे. पुष्कळ वेळा अंदाज बरोबर असतो, आपण त्याला त्याच्या मापापेक्षा बारीक प्रश्न विचारलेला असतो. उपविभागाचा अंदाज रात्र कशी असेल ते सांगतो, म्हणजे आकाश निरभ्र की ढगाळ, वारा किती, दमटपणा किती. त्यावरून आपल्या ओळखीच्या वळणावर काय होईल हे आपल्याला काढावं लागतं. घाटाखालच्या गावात राहणाऱ्या माणसाला ते खरंच काढता येतं. संध्याकाळी सातला धूर आडवा पसरला, चांदण्या लख्ख आहेत, झाडाचं पान हलत नाही आणि रात्री दहाला मोटारसायकलच्या सीटवर हात फिरवला तर ओला झाला, की पहाट धुक्याची समजावी. ही खूण आणि मोबाइलवरचा दमटपणाचा आकडा दोन्ही एकच गोष्ट सांगत असतील तर बेत बदलावा.

खात्याच्या इशाऱ्यांच्या रंगांबद्दल थोडक्यात. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. धुक्यासाठी उत्तर भारतात हे रंग सर्रास दिसतात, कोकणात क्वचित. नकाशा हिरवा आहे म्हणून घाट मोकळा आहे, असं समजू नये. निघण्याआधी ‘मौसम’ अॅपवर पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज पाहावा आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे घाटाखालच्या कुणाला तरी फोन करावा. पेट्रोल पंप, चहाची टपरी, मावशीचं घर, कुणीही चालेल.

पन्नास मीटरचा हिशेब

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर काहीतरी दिसलं, ते काय आहे ते कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच २५ मीटर संपले. पहाटेचा रस्ता दहिवराने ओला असतो. दिवसभराची धूळ आणि तेलाचे डाग त्यात मिसळून पातळ चिकट थर झालेला असतो. अशा रस्त्यावर गाडी थांबायला पुढे आणखी ३५ मीटर तरी घेते. एकूण झाले ६०. दिसतंय ५०.

इथवरचा हिशेब पुष्कळांना माहीत असतो. घाटात मात्र समोरून येणारी गाडीही असते. चौपदरी महामार्गावर मधे दुभाजक असतो, पण कुंभार्ली, आंबा, करूळ, फोंडा, आंबोली इथे येणारे-जाणारे एकाच पट्ट्यावर. वळणावर समोरचा आपल्या बाजूला आला, तर ते पन्नास मीटर दोघांत वाटले जातात आणि वाट्याला पंचवीसच येतात. पंचवीस मीटरमध्ये थांबायचं तर वेग ताशी तीसच्या आसपास हवा. ताशी ४० ला बत्तीस मीटर लागतात, ३० ला एकवीस-बावीस. वीस मीटरच दिसत असेल तर गाडी चालवायचीच नाही, मोकळी सुरक्षित जागा पाहून रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबायचं. अर्धी गाडी डांबरावर आणि अर्धी मातीवर ठेवून थांबणं हे चालत राहण्याहून वाईट.

धुक्यात आपला वेग आपल्याला कमी वाटतो, कारण शेजारून मागे पळणारी झाडं आणि दगड दिसत नाहीत. म्हणून अंदाजावर विसंबू नका, अधूनमधून काट्याकडे बघा.

"रोजचा रस्ता आहे हो आमचा"

हे मी सगळ्यात जास्त वेळा ऐकतो. रोजच्या माणसाला वळण पाठ असतं हे खरं. वळणामागे बंद पडलेला उसाचा ट्रॉलीवाला, रात्री खचलेली साइडपट्टी, रस्त्यावर बसलेली गुरं यांतलं काहीच पाठ असू शकत नाही. थंडीत गुरं मुद्दाम डांबरावर येऊन बसतात, कारण डांबर दिवसाची ऊब धरून असतं.

दुसरं म्हणणं दिव्यांबद्दल. मोठा दिवा लावला तर जास्त दिसेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण वर जाणारा झोत थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो आणि पांढरी भिंत अधिक पांढरी होते. खालचा दिवाच ठेवायचा. पिवळा दिवा धुकं ‘चिरतो’ असं गॅरेजवाले सांगतात. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगांच्या मानाने इतके मोठे असतात की पिवळा काय अन् पांढरा काय, विखुरतो जवळपास सारखाच. धुक्याच्या दिव्याचा उपयोग होतो तो बंपरखाली लावल्यामुळे आणि झोत आडवा, रुंद, जमिनीलगत पडल्यामुळे. तोच पिवळा दिवा हौसेने टपावर बसवला तर उपयोगाऐवजी अपाय.

चारही इंडिकेटर लावून चालणंही सोडा. मागच्याला तुम्ही थांबलात की चाललात ते कळत नाही आणि वळायचं असेल तेव्हा सांगायला खूणच उरत नाही. ते थांबल्यावर लावायचे.

काच आतून धुरकट होते ते वेगळं. ती आपल्याच श्वासाची वाफ. फडक्याने पुसून ती पुन्हा येते, एसी काचेकडे वळवला किंवा खिडकी दोन बोटं खाली केली की जाते. थंडी वाजते म्हणून सगळ्या काचा बंद करून सात माणसं बसली, की गाडीत वेगळंच धुकं तयार होतं.

"मग उजाडलं की निघू"

बहिणीनेही शेवटी हेच म्हटलं होतं. सातला निघतो, तेव्हा उजाडलेलं असतं. पण धुकं बहुतेक वेळा सूर्योदयाच्या सुमारास आणि त्यानंतर थोडा वेळ सगळ्यात दाट असतं. तोवर जमीन गार होत आलेली असते. शिवाय पहिली उन्हं पडली की गवतावरचं दहिवर वाफ होऊन वर येतं आणि मंद झुळूक ते धुक्यात मिसळते. दुलई आणखी जाड होते. ती विरायला जमीन चांगली तापावी लागते.

आणि आपल्याकडे सूर्य उशिरा येतो. जानेवारीत पंचांगातला सूर्योदय सव्वासातच्या आसपास असतो, पण आपल्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. पायथ्याच्या वाड्यांवर प्रत्यक्ष ऊन पडायला आठ-साडेआठ होतात. घाटमाथ्यावरच्या गावात त्या वेळी अंगणात वाळवण घातलेलं असतं. म्हणून मी नऊ म्हणतो.

संध्याकाळी उतरणाऱ्यांनी अंधार पडण्याआधी घाट संपवावा. रात्री अकरापर्यंत सहसा फारसं धुकं नसतं, मध्यरात्रीनंतर धरू लागतं. पहाटे तीन ते पाच ही चालकाच्या डुलकीचीही वेळ. पुण्या-मुंबईहून रात्रीच्या जेवणानंतर निघालेली गाडी त्याच वेळेला कोकणात उतरते.

समुद्रावर आणि रुळांवर

हिवाळ्यात समुद्र शांत, हे बहुतेक दिवस खरं. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, दुपारी खारा वारा परत येतो, आणि शिडाच्या होड्या पिढ्यान् पिढ्या याच वेळापत्रकावर गेल्या-आल्या. पण उत्तरेचा वारा जोर धरतो तेव्हा हे वेळापत्रक मोडतं. वादळांचा हंगामही पावसाबरोबर संपत नाही. ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ कोकण किनाऱ्यावर आदळलं. डिसेंबर २०१७ च्या सुरुवातीला ‘ओखी’ आलं तेव्हा केरळ-तमिळनाडूच्या कितीतरी बोटी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला आसऱ्याला लागल्या आणि मुंबईत ५ डिसेंबरला शाळा बंद ठेवाव्या लागल्या. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला, की आकाश निळं दिसत असलं तरी होडी काढायची नाही. तो बावटा वाऱ्यासाठी असतो. खाडीतल्या फेरीबोटींनाही पहाटेच्या धुक्याचा त्रास होतो. दाभोळ-धोपावे किंवा वेश्वी-बागमांडला धरणार असाल तर अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा.

रेल्वेचं निराळं. कोकणात आकाश लख्ख असतं आणि रत्नागिरीच्या फलाटावर मंगला एक्स्प्रेस तीन तास उशिरा म्हणून घोषणा होते. गाडी दिल्लीहून निघते, तिथल्या धुक्यात अडकते आणि तो उशीर आपल्या ताटात पडतो. अशा गाडीचं तिकीट असेल तर आदल्या रात्री इथलं हवामान पाहू नका, दिल्ली-आग्र्याचं पाहा.

सहलीची एसटी

काही वर्षांपूर्वी जानेवारीत मी कुंभार्लीच्या पायथ्याला चहाला थांबलो होतो. सात वाजत आले होते, टपरीसमोरचा आंबा दिसत नव्हता, त्याच्या पानांवरून पाणी ठिबकताना फक्त ऐकू येत होतं. एक सहलीची एसटी तिथे उभी होती. आत पन्नासेक मुलं, सगळी कानटोप्यांत. गुरुजी घड्याळ बघत होते, कारण पुढची सगळी ठिकाणं वेळेवर बांधलेली. ते दोनदा उतरून चालकाकडे गेले. "काका, निघूया का? पोरं कंटाळलीत." चालक पन्नाशीचे असावेत. हातातला ग्लास न ठेवता त्यांनी समोरच्या विजेच्या खांबांकडे बोट केलं. "गुरुजी, तो पहिला खांब दिसतो ना? त्याच्या पुढचे दोन दिसले की निघू."

मुलांनी वडापाव खाल्ले, अंताक्षरी झाली, दोघं-तिघं खाली उतरून तोंडातून वाफ काढायच्या शर्यतीत रमले. आठला दुसरा खांब दिसला. साडेआठला डोंगराच्या कडेवरून ऊन उतरलं, पांढरं सगळं आधी पिवळसर झालं, मग पातळ, आणि दहा मिनिटांत तिसरा खांब, त्यावरची घार आणि मागची घाटाची वळणं एकदम उघडी पडली. चालकांनी ग्लास टपरीवर ठेवला, टायरांवर हात मारून पाहिले, पुढची काच वर्तमानपत्राने बाहेरून पुसली आणि गाडी सुरू केली.

बहीण त्या दिवशी सव्वानऊला निघाली. दुपारी कराडहून भाच्याने फोन केला. घाटात त्याला माकडं दिसली होती, मोजून अकरा.